३ एप्रिल १९८१ : उचलून न्यायचा संगणक

सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये या दिवशी ‘ऑस्बोर्न १’ लोकांसमोर आला. बाजारात चांगला खपलेला हा पहिला सुवाह्य संगणक. सुवाह्य म्हणायचं एवढंच, वजन ११ किलो! शिलाई मशीनच्या पेटीसारखं धूड. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. आत दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि मधोमध जेमतेम ५ इंची पडदा. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरं मावत, पुढचं वाचायला मजकूर आडवा सरकवावा लागे. बॅटरी नव्हती, त्यामुळे आधी प्लग शोधा! पण १,७९५ डॉलरमध्ये वर्डस्टार, सुपरकॅल्क ही सॉफ्टवेअर सोबत मिळत, आणि गिऱ्हाईक भुललं ते त्यालाच. रचना ली फेल्सेन्स्टाइन यांची. कंपनीचे संस्थापक अ‍ॅडम ऑस्बोर्न मात्र अर्धे आपलेच: बालपण तमिळनाडूत गेलेलं, वडील आर्थर रमण महर्षींचे भक्त. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. नव्या मॉडेलची घोषणा आधीच करून जुन्याची विक्री आटवली, हा ठपका अ‍ॅडम यांच्यावर कायमचा बसला. प्रतिस्पर्ध्यांनी घातलेला घाव त्यात विसरला जातो. पुढे अ‍ॅडम भारतात परतले. २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचं निधन झालं.