सिस्टम फाइल पुसली जाणे व संगणकाची दुरुस्ती

सिस्टम फाइल पुसली जाणे व संगणकाची दुरुस्ती : संगणक चालवणाऱ्या प्रणालीतली आवश्यक फाइल डिलीट झाल्याने यंत्र सुरू होईनासे होणे आणि ती फाइल जागेवर आणून ते पुन्हा चालू करण्याच्या पद्धती. या बिघाडात हार्ड डिस्क सहसा धडधाकट असते. वापरणाऱ्याचे फोटो, हिशेब, पत्रे जिथल्या तिथे असतात. तरीही पडदा काळा दिसला की दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर हमखास मिळते आणि काही किलोबाइटच्या एका फाइलपायी वर्षानुवर्षांचे काम जाते. फॉरमॅट हा या दुखण्यावरचा शेवटचा इलाज आहे. त्याआधी करण्यासारखे बरेच असते.

बटण दाबल्यावर आधी बायॉस किंवा यूईएफआय हे फर्मवेअर जागे होते. ते बूट लोडर शोधते, बूट लोडर कर्नल मेमरीत चढवतो आणि कर्नल ड्रायव्हर व सेवा सुरू करतो. गाडी यातल्या कोणत्या टप्प्यावर अडली, यावरून काय हरवले आहे ते कळते. विंडोज एक्सपीमध्ये एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट आणि बूट.आयएनआय या फाइली सी ड्राइव्हच्या मुळाशीच असत. त्या एरवी लपवलेल्या असल्या, तरी लपवलेल्या फाइली दाखवण्याचे पर्याय निवडून साफसफाईला बसलेल्या अनेकांनी त्या अडगळ समजून उडवल्या. पुढच्या वेळी पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढी एकच ओळ येई. त्यावरचा उपाय साधा होता. विंडोजच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडायचा आणि सीडीतल्या आय३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर व एनटीडिटेक्ट या दोन फाइली सी ड्राइव्हवर कॉपी करायच्या. व्हिस्टापासून त्यांची जागा बूटएमजीआर आणि बीसीडी यांनी घेतली.

माणसांना घाबरवून त्यांच्याच हातून फाइली पुसून घेण्याचे प्रकारही झाले. २००१ मध्ये सल्फएनबीके.ईएक्सई ही फाइल म्हणजे व्हायरस आहे, अशी आवई ईमेलमधून जगभर पसरली. प्रत्यक्षात ती विंडोजमधली लांब फाइलनावे पूर्ववत करणारी निरुपद्रवी फाइल होती. पुढच्या वर्षी अस्वलाचे चित्र असलेल्या जेडीबीजीएमजीआर.ईएक्सईची पाळी आली. यंत्र सुरू होण्यासाठी या दोन्ही फाइलींची गरज नव्हती, म्हणून लोक बचावले.

अँटिव्हायरसनेच घात केला तेव्हा मात्र नुकसान मोठे झाले. मे २००७ मध्ये नॉर्टनने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन फाइलींना व्हायरस ठरवले आणि यंत्रे सुरू होईनाशी झाली. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल काढून टाकली. संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, नेटवर्क तुटले. नेटवर्कच नसल्याने दुरुस्ती प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावी लागली. तिथे विंडोजची एक जुनी सोय कामी आली : सिस्टम फाइलींच्या प्रती डीएलएलकॅश नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असत आणि पुष्कळ ठिकाणी तिथूनच मूळ फाइल परत आणता आली. व्हिस्टापासून अशा फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या सेवेकडे गेली, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहजासहजी पुसता येत नाहीत.

विंडोज १० आणि ११ मध्ये सुरुवात लागोपाठ फसली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तो न आल्यास दुसऱ्या संगणकावर विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करता येते. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘सिस्टम रिस्टोर’ वापरून पाहावे. रिस्टोरमुळे सिस्टम फाइली मागच्या तारखेला जातात, खासगी कागदपत्रांना धक्का लागत नाही. तेवढ्याने भागले नाही तर कमांड प्रॉम्प्ट. तिथे एसएफसी या सिस्टम फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या आज्ञेला विंडोजचे फोल्डर नेमके कुठे आहे हे सांगावे लागते, कारण या वातावरणात नेहमीचा सी ड्राइव्ह कधी डी म्हणूनही दिसतो. घाईत चुकीच्या ड्राइव्हवर आज्ञा देणारे पुष्कळ असतात. एसएफसीचा स्वतःचा साठाच खराब असेल तर डीआयएसएम आणि बूटच्या फाइली गेल्या असतील तर बीसीडीबूट या आज्ञा वापराव्यात. डिस्कवर बिटलॉकरचे एन्क्रिप्शन असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. यातले काहीही करण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, हे उत्तम.

युनिक्सच्या जगात दुसरा एक धडा मिळतो : यंत्र अजून चालू असेल तर ते बंद करू नये. चालू प्रोग्रॅमने उघडलेली फाइल पुसली तरी तिचा मजकूर डिस्कवरून लगेच जात नाही, लिनक्समध्ये तो प्रॉक या फोल्डरमधून परतही मिळवता येतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या एका व्हॅक्स संगणकाची १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली हकीगत या संदर्भात आजही सांगितली जाते. रूट डिरेक्टरीत असतानाच सगळे पुसण्याची आज्ञा दिली गेली. ती मध्येच थांबवली, तोवर बिन आणि ईटीसी ही फोल्डरे गेली होती. साध्या आज्ञाही चालेनात, टेपवरचा बॅकअप परत घेणारा प्रोग्रॅमसुद्धा नाहीसा झाला. मात्र ईमॅक्स हा एडिटर एका टर्मिनलवर उघडा होता. टीएमपी या फोल्डरचे नाव बदलून ईटीसी करणारा छोटासा प्रोग्रॅम मंडळींनी असेम्ब्ली भाषेत लिहिला आणि त्याचे बाइट ईमॅक्समध्ये भरले. नव्या फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला साधन उरले नव्हते. म्हणून तो आधीच्याच एका चालू शकणाऱ्या फाइलवर लिहिला. एवढे जमल्यावर उरलेले शेजारच्या संगणकावरून आणि टेपवरून परत आले.

१९ जुलै २०२४ रोजी चित्र उलटे झाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली आणि सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणे हा मुख्य उपाय ठरला. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बिटलॉकरची की जवळ नसलेल्या कार्यालयांचे काम अधिकच लांबले. या प्रकारानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये ‘क्विक मशीन रिकव्हरी’ आणली; सुरू न होणारे यंत्र दुरुस्तीच्या पडद्यावरूनच इंटरनेटला जोडले जाऊन उपाय उतरवून घेते. ही सोय एकाच वेळी अनेक यंत्रांत पसरलेल्या बिघाडासाठी आहे. घरच्या संगणकावर चुकून पुसलेल्या फाइलसाठी आजही रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आणि कमांड प्रॉम्प्टच वापरावे लागतात.