कूबर पेडी : जमिनीखालचे ओपलचे गाव

दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे ८५० किलोमीटरवर कूबर पेडी हे गाव आहे. हा अंताकिरिंजा मातु-यांकुनिचाचारा या आदिवासींचा मूळ प्रदेश. फेब्रुवारी १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या एका तुकडीतील विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला येथे ओपल हे रत्न सापडले आणि खाणकामाला सुरुवात झाली.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेले सैनिक येथे आले आणि खडकात खोल्या खोदून राहू लागले. घर बांधायला लाकूड नव्हते, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाई. इथला वालुकाश्म मात्र कुदळीने फुटतो आणि आधाराशिवायही छत तोलून धरतो. अशा घरात बारमाही तापमान पंचवीस अंशांच्या आतबाहेर राहते. खाण खोदणाऱ्या हातांनीच घरे खोदली, आणि या गावाचे खरे वैशिष्ट्य त्यातच आहे. नंतर दुकाने, हॉटेले, चर्चही भूगर्भात गेली. पाणी मात्र सुरुवातीला दुरून आणावे लागे.

मंदीच्या काळात ओपलचे भाव कोसळले. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी महिलेला ‘एट माइल’ येथे मोठा साठा सापडला आणि गावाला नवी उभारी मिळाली. पुढे ग्रीस, इटली, युगोस्लाव्हिया अशा देशांतून लोक आले. भूमिगत सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च त्या स्थलांतराचीच खूण आहे.

भेगांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिका साचून ओपल तयार होते. तिच्या अतिसूक्ष्म गोलकांची मांडणी नियमित असली, तरच प्रकाश फुटून रंग दिसतात; एरवी दगड निस्तेज राहतो. ओपलचा थर कुठे असेल याचा नेम नसतो. शिवाय एकेकाला मर्यादित क्षेत्राचाच पट्टा मिळतो, म्हणून मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान खाणकऱ्यांचाच हा धंदा राहिला. कुदळीच्या जागी बोगदा खोदणारी यंत्रे आणि माती वर खेचणारे ‘ब्लोअर’ ट्रक आले. टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांतून राहिलेले तुकडे वेचण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात. पर्यटकही ते करतात. गावाबाहेर मात्र जपूनच चालावे लागते, कारण हजारो जुने उभे खड्डे तसेच उघडे आहेत.

१९८७ मध्ये गावावरून जाणारा स्टुअर्ट महामार्ग पूर्ण डांबरी झाला आणि ये-जा सोपी झाली. आता गावाच्या उत्पन्नात ओपलच्या जोडीला पर्यटनाचाही मोठा वाटा आहे.