शेजाऱ्यांचें युद्ध आणि सहा बडीं राष्ट्रें

शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत मारामारी जुंपली म्हणजे गांवच्या चावडीवर दोन प्रकारचीं माणसें जमतात. एकाला बांध कोणाचा याचा निवाडा करावयाचा असतो. दुसऱ्याला एवढेंच पाहावयाचें असतें कीं, या भांडणांत आपलें कांहीं बुडूं नये आणि आपल्या वैऱ्याचें कांहीं साधूं नये. राष्ट्राराष्ट्रांच्या चावडीवर पहिल्या प्रकारचे पंच फार थोडे आढळतात. १९१२ व १९१३ या दोन वर्षांत बाल्कन द्वीपकल्पांत जीं युद्धें झालीं, त्यांकडे युरोपांतील सहा बड्या राष्ट्रांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें आणि त्याचें फळ काय झालें, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे. हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे. परंतु चावडीची रीत अद्याप जुनी झालेली नाहीं.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत तुर्की साम्राज्याचा जो भाग शिल्लक उरला होता, त्यांत मॅसिडोनिया, आल्बेनिया व थ्रेस हे मुख्य प्रदेश होते. त्याच्या सभोंवार सर्व्हिया, बल्गेरिया, ग्रीस व माँटेनीग्रो हीं चार लहान राष्ट्रें. प्रत्येकाचे जातभाई तुर्की अमलाखालीं राहत होते, आणि प्रत्येकाची नजर कमीअधिक त्याच मुलखावर होती. १९११ सालीं इटलीनें आफ्रिकेंतील त्रिपोलीवर स्वारी केली, तेव्हां तुर्कांचें बळ किती खचलें आहे हें सर्वांस दिसून आलें. मार्च १९१२ मध्यें सर्व्हिया व बल्गेरिया यांनीं आपसांत तह केला. त्याची जुळवाजुळव करण्यांत रशियाच्या वकिलांचा हात होता. आणि मॅसिडोनियाच्या वांटणींत वाद निघाल्यास झारनें निवाडा द्यावा, असें ठरलें होतें. रशियाची कल्पना अशी कीं, या मैत्रीमुळें ऑस्ट्रियाच्या वाटेंत एक भिंत उभी राहील. ज्यांनीं सह्या केल्या त्यांना मात्र भिंत बांधावयाची नव्हती. त्यांना तुर्कांवर चालून जावयाचें होतें. मे महिन्यांत ग्रीसनें बल्गेरियाशीं तह केला, आणि माँटेनीग्रोनेंही हात मिळविला. फ्रान्सचे मुख्य प्रधान प्वँकारे ऑगस्टमध्यें सेंट पीटर्सबर्गला गेले असतां त्यांना सर्व्हिया-बल्गेरियाच्या तहाचा मजकूर दाखविण्यांत आला. त्यांत युद्धाचें बीज आहे हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें. परंतु ओळखणें वेगळें आणि दोस्त रशियाशीं बिघाड पत्करणें वेगळें.

आतां बड्या राष्ट्रांचें पहिलें पाऊल पाहा. ८ ऑक्टोबर १९१२ रोजीं ऑस्ट्रिया व रशिया यांनीं सर्वांच्या वतीनें बाल्कन राजधान्यांत एक खलिता दिला. शांतताभंगाचा आम्ही निषेध करतों. तुर्की मुलखांतील सुधारणांचा प्रश्न आम्ही हातीं घेतों. आणि इतकें सांगूनही युद्ध झालेंच, तर युरोपीय तुर्कस्थानच्या सरहद्दींत कोणताही फेरफार आम्ही मान्य करणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच दिवशीं माँटेनीग्रोचा राजा निकोलस यानें तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलें. दहा दिवसांत बाकीचीं तिन्ही राष्ट्रें रणांगणांत उतरलीं. मनाईहुकुमाची अशी शोभा क्वचितच झाली असेल. त्याचें कारण उघड आहे. सहा राष्ट्रांची एकवाक्यता कागदापुरती होती. हुकूम मोडणाऱ्यावर शिपाई पाठविण्यास सहांपैकीं एकही तयार नव्हतें, आणि हें लहान राष्ट्रांना पुरतें ठाऊक होतें.

पुढें जें झालें तें अनेकांच्या अपेक्षेबाहेरचें होतें. ऑक्टोबर संपण्यापूर्वींच सर्व्हियन सैन्यानें कुमानोव्हो येथें व बल्गेरियन सैन्यानें किर्क किलिसे येथें तुर्कांचा मोड केला. नोव्हेंबरांत ग्रीक फौज सलोनिकांत शिरली, आणि बल्गेरियन तोफांचा आवाज कॉन्स्टँटिनोपलजवळच्या चाताल्जापर्यंत येऊन पोंचला. ९ नोव्हेंबर रोजीं लंडनच्या गिल्डहॉलमधील मेजवानींत ब्रिटिश मुख्य प्रधान अ‍ॅस्क्विथ यांनीं सांगितलें कीं, जेत्यांना त्यांच्या विजयाच्या फळापासून वंचित करणें योग्य होणार नाहीं. सरहद्द बदलूं देणार नाहीं, ही प्रतिज्ञा करून तेव्हां जेमतेम एक महिना उलटला होता! लढाईपूर्वीं जो नियम अढळ म्हणून सांगितला, तो लढाईचा निकाल लागतांच मागें पडला. जो तलवारीनें मिळवील त्याला पचेल, हा धडा बाल्कन राष्ट्रांनीं तेथेंच गिरविला.

परंतु याच वेळीं बड्या राष्ट्रांना स्वतःची खरी धास्ती उत्पन्न झाली. सर्व्हियन सैन्य आल्बेनियाचे डोंगर ओलांडून एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं ड्युराझो बंदरांत उतरलें. सर्व्हियाला बंदर मिळूं द्यावयाचें नाहीं, असा ऑस्ट्रियाचा निश्चय. सर्व्हियाचा पाठीराखा रशिया. रशियानें मुदत भरलेले शिपाई घरीं सोडले नाहींत. ऑस्ट्रियानें बोस्नियांतील व रशियाच्या सरहद्दीवरील फौज वाढविली. ऑस्ट्रियामागें जर्मनी आणि रशियामागें फ्रान्स. एका बंदरावरून सारें युरोप पेटेल कीं काय, अशी वेळ आली.

तेव्हां १७ डिसेंबर १९१२ रोजीं सर एडवर्ड ग्रे यांच्या अध्यक्षतेखालीं लंडनमध्यें वकिलांची परिषद सुरू झाली. फ्रान्सचे पॉल कांबाँ, रशियाचे बेंकेनडॉर्फ, जर्मनीचे लिखनोव्हस्की, ऑस्ट्रियाचे मेन्सडॉर्फ व इटलीचे इंपेरिआली हे तिचे सभासद. लढणाऱ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी त्याच शहरांत, सेंट जेम्स राजवाड्यांत, निराळे बसले होते. म्हणजे एका दालनांत लढणारे आणि दुसऱ्या दालनांत न लढणारे; आणि ज्या प्रश्नांवर युरोपची शांतता टांगली होती, ते न लढणाऱ्यांच्या दालनांत सुटत होते. पहिल्याच बैठकींत आल्बेनियाला स्वायत्तता देण्याचें ठरलें. आल्बेनियन पुढाऱ्यांनीं २८ नोव्हेंबर रोजींच व्हलोना येथें स्वातंत्र्य जाहीर केलें होतें. परंतु त्यांच्या देशाची सीमा आंखणाऱ्या या परिषदेंत त्यांस जागा नव्हती. आल्बेनिया निर्माण झाला, तो आल्बेनियनांच्या मागणीमुळें जितका, त्याहून अधिक सर्व्हियाला समुद्रापासून दूर ठेवण्याच्या ऑस्ट्रियाच्या गरजेमुळें.

ही सीमा कशी ठरली याचा एकच मासला देतों. स्कुटारी हें शहर आल्बेनियाला मिळावें असा ऑस्ट्रियाचा आग्रह, तर तें माँटेनीग्रोला मिळावें अशी रशियाची इच्छा. ड्याकोव्हा या गांवाबद्दलही असाच वाद. अखेरीस मार्च १९१३ मध्यें सौदा पटला: स्कुटारी आल्बेनियाकडे राहावें आणि ड्याकोव्हा सर्व्हियाच्या बाजूस जावा. त्या गांवांतील बहुसंख्य लोक आल्बेनियनच होते. परंतु व्हिएन्नानें एक सोडलें, सेंट पीटर्सबर्गनें एक सोडलें आणि तराजू समतोल झाला. लोकांचें वजन त्या तराजूंत कोणत्याही पारड्यांत पडलें नाहीं.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, परिषदेचें काम निष्फळ नव्हतें. ऑस्ट्रियाच्या वृद्ध सम्राटानें झारकडे खास दूतासह पत्र पाठविलें. मार्चमध्यें दोन्ही साम्राज्यांनीं सरहद्दीवरील सैन्य कमी केलें. राजा निकोलस स्कुटारीचा वेढा उठवीना, तेव्हां एप्रिलमध्यें माँटेनीग्रोच्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय आरमारानें नाकेबंदी केली. रशियानें गलबत पाठविलें नाहीं, तरी संमति दिली. त्यानंतरही निकोलसच्या सैन्यानें शहर घेतलें. पण ऑस्ट्रिया एकटीच चालून येण्याच्या बेतांत आहे असें दिसतांच मे महिन्याच्या आरंभीं तो नमला, आणि बड्या राष्ट्रांच्या आरमारी तुकड्यांनीं स्कुटारीचा ताबा घेतला. ३० मे १९१३ रोजीं लंडनचा तह झाला. १९१३ सालीं महायुद्ध टळलें याचें श्रेय ग्रे यांच्या संयमाला व परिषदेच्या चिकाटीला अवश्य द्यावें.

पण टळलें कोणाचें युद्ध? बड्या राष्ट्रांचें. बाल्कनमधलें युद्ध महिन्याभरांतच पुन्हा पेटलें. समुद्रकांठ हातचा गेला, तेव्हां सर्व्हियानें मॅसिडोनियांत अधिक वांटा मागितला. बल्गेरिया तो देईना. जून अखेरीस एका रात्रीं बल्गेरियन सैन्यानें आपल्याच दोस्तांवर हल्ला केला. मग ग्रीस, सर्व्हिया व रुमानिया तिच्यावर तुटून पडले, आणि तुर्कांनीं संधि साधून अ‍ॅड्रियानोपल परत घेतलें. तें शहर बल्गेरियाला देणाऱ्या लंडनच्या तहाची शाई नुकतीच वाळली होती. बड्या राष्ट्रांनीं निषेध नोंदविला. तुर्कांना हुसकण्यास कोणी गेलें नाहीं. १० ऑगस्टला बुखारेस्ट येथें नवा तह झाला, आणि जेत्यांनीं केलेली ती वांटणी युरोपनें चालूं दिली. कारण या वेळीं युरोपची शांतता धोक्यांत नव्हती. केवळ बाल्कनमधील माणसें धोक्यांत होतीं.

त्या माणसांचें काय झालें? अमेरिकेंतील कार्नेगी संस्थेनें चौकशीसाठीं एक मंडळ पाठविलें. १९१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत जाळलेलीं गांवें, कत्तली आणि घरदार सोडून पळालेले लोक यांची भीषण हकीकत आहे, आणि तींत कोणतीही एक बाजू निर्दोष ठरत नाहीं. बाहेरच्यांनीं केलेलें एक निराळें साह्यही येथें आठवतें. १९१२ च्या अखेरीस डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखालीं एक वैद्यकीय पथक मुंबई बंदरांतून तुर्कस्थानास गेलें आणि त्यानें जखमी शिपायांची शुश्रूषा केली. त्यांचीही सहानुभूति एका बाजूला होती, हें खरें. पण त्यांच्या हातीं नकाशा नव्हता, मलमपट्टी होती.

आणि बड्या राष्ट्रांनीं या प्रसंगापासून काय घेतलें? ऑक्टोबर १९१३ मध्यें सर्व्हियन सैन्य आल्बेनियाच्या हद्दींत राहिलें, तेव्हां ऑस्ट्रियानें आठ दिवसांचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्व्हियानें माघार घेतली. परिषदेपेक्षां धमकी लवकर फळते, असें ऑस्ट्रियाच्या मनानें घेतलें. रशियाला वाटलें, १९०९ सालीं बोस्नियाच्या प्रश्नांत आपण नमलों, आतां बंदराच्या प्रश्नांतही नमलों. यापुढें नमणें नाहीं. ग्रे यांना वाटलें, परिषद एकदां यशस्वी झाली, ती पुन्हाही होईल. एकाच घटनेचे हे तीन धडे १९१४ च्या जुलैंत समोरासमोर उभे राहिले. २६ जुलै रोजीं ग्रे यांनीं पुन्हा वकिलांची परिषद सुचविली. जर्मनीनें ती नाकारली. २८ जुलै रोजीं ऑस्ट्रियानें सर्व्हियाविरुद्ध युद्ध पुकारलें. आठवड्याभरांत सहांपैकीं पांच राष्ट्रें त्यांत ओढलीं गेलीं आणि पुढल्या वर्षीं सहावें इटलीही उतरलें. ड्याकोव्हा ज्यांत मोडतो त्या कोसोव्होचा प्रश्न तर शतकाच्या दुसऱ्या टोंकापर्यंत जिवंत राहिला. १९९९ सालीं त्याच भूमीवर पुन्हा बाँब पडले.

श्रोतेहो, शेजारच्या घराला आग लागली असतां स्वतःच्या भिंतीवर पाणी मारणें हें शहाणपणाचें आहे. त्याला कोणी दोष देणार नाहीं. १९१३ सालीं सहा राष्ट्रांनीं तेंच केलें, आणि भिंत ओली झाली म्हणजे आग विझली असें मानलें. एखाद्या बड्या राष्ट्रानें दुसऱ्यांच्या युद्धांत मध्यस्थी केली म्हणजे आपण त्याची स्तुति किंवा निंदा करण्यास लगेच पुढें सरतों. त्याआधीं एकच प्रश्न विचारावा: त्याच्या हातांतील पाणी कोणत्या घरावर पडत आहे? त्याचें उत्तर मिळालें म्हणजे ती शांतता किती दिवस टिकेल, याचाही अंदाज बांधतां येतो.