ओहोटी, वाळू आणि चालण्याची परीक्षा

परवाच्या शनिवारी अलिबागला होतो. ओहोटी लागली होती आणि पब्लिक चालत कुलाबा किल्ल्याकडे निघालं होतं. आमच्या ग्रुपच्या पुढे बाबांचे एक मित्र. काकांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. आम्ही चपला हातात धरून ठेचकाळतोय आणि हे जयपूर फूटवर निवांत पुढे! वर मलाच विचारतात, "काय रे, घोडागाडी करू का तुला?"

गंमत म्हणजे काकांचा आधीचा कृत्रिम पाय चाचणीत एकदम पास झाला होता. गुळगुळीत फरशीवर, बूट घालून. घरी आल्यावर मात्र ना पाटावर बसता येई, ना ओल्या वाळूत उतरता येई. आपल्या धंद्यातलं नेहमीचं वाक्य आठवलं: "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. एखाद्याला 'चालता येतं' हे ठरवतं कोण? आणि कुठल्या जमिनीवर?

यातला मोठा इतिहास आपल्या शेजारीच आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. सैनिकाच्या बाबतीत प्रश्न नुसता पाय बसवण्याचा नसतो, तो पुन्हा कामावर जाऊ शकेल का, हाही असतो. मूळचे मुंबईचे, गुरखा रायफल्सचे इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पडला. तो त्यांनी खुकरीने स्वतःच तोडला. पुढे कृत्रिम पायावर त्यांनी शारीरिक क्षमतेची चाचणी दिली आणि दोन्ही पाय धड असलेल्या काही अधिकाऱ्यांना मागे टाकलं. तरी वरिष्ठांची खात्री पटायला लडाखच्या बर्फात चालून दाखवावं लागलं. मग ते पायदळाच्या बटालियनचे आणि नंतर ब्रिगेडचेही प्रमुख झाले. त्यांना जिथे काम करायचं होतं, तिथलीच जमीन शेवटी परीक्षेला आली.

तिकडे जयपूरला १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हाच प्रश्न उलटा धरला. परदेशी पद्धतीचं पाऊल बुटात लपवायचं, घोट्यात ताठ. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. म्हणून त्यांनी रबराचं, घोट्याशी वाकणारं, पाण्याला न घाबरणारं पाऊल बनवलं. म्हणजे आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन!

चाचण्याही सुधारल्या, हे मान्य करायला हवं. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येण्याची वेळ मोजतात, सहा मिनिटांत किती अंतर कापलं ते बघतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात विमा योजनेने शून्य ते चार अशा पायऱ्या पाडल्या. कुठल्या पायरीवर आहात, त्यावर कुठला पाय मिळणार हे ठरतं. २००२ साली रॉबर्ट गेली आणि सहकाऱ्यांनी २१ कृतींची चाचणी आणली: एका पायावर उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, अडथळा ओलांडणं, जिना चढणं, वेग बदलून चालणं. आकडे हवेतच. नाहीतर डॉक्टरच्या 'ठीक वाटतंय'वर सगळं अवलंबून.

पण त्या २१ मध्ये मांडी घालून बसणं नाही. वाळू नाही, भाताच्या खाचराचा बांध नाही, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरणं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यातल्या माणसाला हे जमलं नाही, तर मार्क कितीही पडोत, त्याचा रोजगार बुडाला. टेस्ट केस लिहिणाऱ्याने युजरचं घर बघितलं नसेल तर असंच होणार.

म्हणून मला वाटतं, पहिला प्रश्न 'किती सेकंदांत?' हा नकोच. 'तुम्हाला जायचंय कुठे?' हा हवा. स्टॉपवॉच त्यानंतर काढा.

काकांना हे सगळं भाषण ऐकवलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण आता पाय उचल. भरती सुरू होईल."

असो. परतताना पण तेच पुढे होते.