ऑनलाइन विक्रीचे नियम सारखे बदलतात. गावाकडच्या छोट्या विक्रेत्यानं काय बघावं? वाचा सविस्तर

सांगली जिल्ह्यातली हळद, तासगावचे बेदाणे, बचत गटांच्या कुरडया आणि चटण्या आता मोबाइलवरून विकल्या जातात. सुरुवातीला ऑर्डर येतात, हुरूप वाढतो. मग एक दिवस कमिशन वाढतं, कुरिअरचा दर बदलतो, माल परत घ्यायची मुदत वाढते. मेल इंग्रजीत आलेला असतो, तो कुणी उघडलेला नसतो. खात्यात पैसे कमी जमा झाले की मगच कळतं. ‘धंदा चाललाय, पण हातात काही उरत नाही,’ ही तक्रार त्यातूनच येते. म्हणून नेमकं काय कापलं जातं आणि आपल्या हातात काय आहे, ते समजून घेऊ.

पंधरा रुपयांनी काय फरक पडतो?

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. हळदीचं पाकीट २५० रुपयांना विकलं. माल आणि पॅकिंग १५० रुपये, कमिशन ३० रुपये, कुरिअर ४५ रुपये. उरले २५ रुपये. आता एक पार्सल परत आलं, तर जायचे ४५, यायचे ४५ आणि वाया गेलेलं पॅकिंग १० रुपये, असा १०० रुपयांचा फटका. म्हणजे चार पार्सलांची कमाई गेली.

कुरिअर फक्त १५ रुपयांनी वाढलं, तर एका पाकिटामागे १० रुपयेच उरतात आणि परतीचा फटका १३० रुपये होतो. आता एक पार्सल परत आलं की तेरा पार्सलांची कमाई जाते. म्हणून नियम बदलला की आधी हा हिशेब पुन्हा करा आणि मगच भाव ठरवा.

वजन कमी, बिल जास्त

कुरडया, पापड वजनाला हलके, पण जागा जास्त खातात. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागायचं. ३० × २५ × २० सेंटीमीटरचं खोकं असेल तर उत्तर येतं ३ किलो. आत माल एकच किलो असला तरी पैसे ३ किलोचे लागतात. खोकं मालाच्या मापाचं घ्या. पार्सल देण्याआधी काट्यावर ठेवून आणि टेप लावून फोटो काढून ठेवा. वजनावरून वाद झाला तर तोच पुरावा.

जीएसटी नंबर लागतोच का?

पूर्वी ऑनलाइन माल विकायचा म्हटलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असाल, तर नोंदणीशिवाय विकता येतं. मात्र जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

इथं एक गोष्ट नीट बघा. जतहून विजापूर जवळ असलं तरी ते कर्नाटकात आहे. तिकडची एक ऑर्डर घेतली तरी ही सवलत लागू होत नाही. सवलतीत राहायचं असेल तर खात्यात विक्री महाराष्ट्रापुरतीच ठेवा.

कापलेला कर परत मिळतो

जीएसटी नोंदणी असलेल्यांच्या विक्रीतून कंपनी टीसीएस कापते. १० जुलै २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून ०.५ टक्के झाला. ही रक्कम जीएसटीच्या खात्यात जमा दिसते आणि कर भरताना वापरता येते.

आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्के झाला. व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर तो कापलाच जात नाही. ते दिलेलं नसेल तर दर ५ टक्के. एक लाखाच्या विक्रीवर १०० रुपये कुठं आणि ५,००० रुपये कुठं! आजच खातं उघडून पॅनची नोंद तपासा.

कायदा कुणाच्या बाजूनं?

खरं सांगायचं तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे मुख्यतः ग्राहकासाठी आहेत. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्यात निवारण, हे बंधन ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे. खराब किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

पण दोन गोष्टी विक्रेत्याच्याही कामाच्या आहेत. कंपनी आणि विक्रेता यांच्यात लेखी करार असलाच पाहिजे. आणि एकाच प्रकारचा माल विकणाऱ्यांमध्ये कंपनी वेगवेगळी वागणूक देत असेल, तर ते तिला आपल्या अटींमध्ये सांगावं लागतं. बड्या विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, अशी तक्रार व्यापाऱ्यांनी केल्यावर भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला होता.

बाकी सगळं करारावर ठरतं. ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं की करार झाला. दर बदलण्याचा अधिकारही बहुधा त्यातच लिहिलेला असतो.

एवढं नक्की करा

१. करार आणि दरपत्रक डाउनलोड करून तारखेसह ठेवा. नियम बदलला की नवीन प्रतही ठेवा.
२. आठवड्यातून एकदा मेल आणि विक्रेता ॲपमधल्या सूचना बघा. इंग्रजी अडलं तर मोबाइलवरच भाषांतर करून घ्या.
३. पॅकिंग करतानाचा आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा.
४. तक्रार फोनवर न करता ॲपमधून लेखी करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
५. सगळा धंदा एकाच ॲपवर ठेवू नका. जुन्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲप यादी, आठवडी बाजार, ‘उमेद’ची प्रदर्शनं चालू ठेवा.
६. रक्कम मोठी अडकली असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जाताना करार, हिशेब आणि फोटो सोबत घ्या.