वाया जाणारा प्रकाश

२४ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंत, स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत, निर्वात नळींत इलेक्ट्रॉनांस वर्तुळाकार फिरविणारें सिंक्रोट्रॉन यंत्र चालू होतें. भिंतीआडून आरशांत पाहणाऱ्या तंत्रज्ञास ठिणगीचा भास झाला. यंत्र थांबवा, अशी त्यानें खूण केली. परंतु निर्वात स्थिति बिघडलेली नव्हती. तो वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचाच निळसर-शुभ्र प्रकाश ठरला! ऊर्जा घटवितां तो पिवळा, मग तांबडा होई. तेथील आधीच्या बीटाट्रॉनची नळी अपारदर्शक. हिची मात्र पारदर्शक कांचेची. या शोधाचें निम्में श्रेय मी तरी त्या कांचेला देईन.

कणांची ऊर्जा वाढवूं पाहणाऱ्यांस हा निव्वळ तोटाच होता. पुढें मोठ्या यंत्रांतून याच जातीचे प्रखर क्ष-किरण मिळूं लागले. पेशींत प्रथिनें घडविणाऱ्या रायबोझोममधील अणूंची मांडणी त्यांनींच उलगडली. त्या कार्यास २००९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक लाभलें.