पिल्लाचा धनी कोण?

आपल्या इतिहासात घोड्यांना नावे आहेत, हत्तींना आहेत, तोफांनाही आहेत. कुत्र्याचे नाव मात्र शोधावे लागते. देवाधर्मात त्याला जागा आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात, हे साखळीच्या दत्तजयंतीला जाणाऱ्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात जायचे नाकारले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. परंतु राजांच्या कागदपत्रांत कुत्रा क्वचितच येतो आणि त्याला वाढवणारा माणूस तर त्याहूनही क्वचित. या दुसऱ्या माणसाबद्दलच मला आज लिहायचे आहे.

कुत्र्याच्या नावाचा एक फार जुना पुरावा कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडला. इ.स. ९४९-५० चा तो शिलालेख आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने चोळांवर विजय मिळवला, त्या युद्धात गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने लढला. (आपले दक्षिण कोकण व गोवे तेव्हा राष्ट्रकूटांच्याच मांडलिक शिलाहारांकडे होते.) बूतुगाचा मणलेर नावाचा शूर सेवक होता. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, हवे ते माग. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ही काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभारला, जमीन दान दिली आणि वर लिहून ठेवले की, या दगडाची पूजा केल्यावाचून जो पुजारी जेवील त्याला त्या कुत्र्याचे पाप लागेल. हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द आहे. पण या लेखातही देणारा आहे, घेणारा आहे, झुंजणारी आहे. काळीला जिने जन्म दिला ती कुत्री कोणाच्या दारात बांधलेली होती, हे मात्र कोरलेले नाही.

मराठ्यांच्या इतिहासात साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या लाडक्या खंड्याची समाधी दाखवतात. त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. रायगडावरच्या वाघ्याचे तसे नाही. त्याला समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. त्याच्या समाधीवरून २०१२ साली वाद पेटला, पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. इतिहासाच्या शिक्षकाने भावना आणि पुरावा यांची गल्लत करू नये, एवढेच येथे म्हणतो.

आता मुधोळकडे वळू. मुधोळ म्हटले की आपल्याला आठवतो तो शहाजीराजांना कैद करणारा आणि १६६४ साली शिवरायांच्या हातून शासन झालेला बाजी घोरपडे. पुढे त्याच घराण्याचे मुधोळ संस्थान ब्रिटिश अमदानीतही टिकले. राजघराणे मराठी, रयत बहुतांशी कन्नड, म्हणजे आपल्यासारखाच दोन भाषांचा मुलूख. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या प्रांतरचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि वाऱ्यासारखे पाय असलेला तिथला शिकारी कुत्रा जगाला मुधोळ हाउंड म्हणून माहीत झाला. तो वासापेक्षा नजरेने शिकार करतो. महाराष्ट्रात याच कुळीच्या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. तांड्यांबरोबर हिंडणारा म्हणून ते नाव पडले असे सांगतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीतही त्याचे नाव कॅरव्हान हाउंड असेच आहे. एकाच कुत्र्याला सीमेच्या दोन बाजूंना दोन नावे! सीमाभागातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

या कुत्र्याला नावलौकिक मिळवून दिला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी. त्यांनी निवडक नर-माद्या ठेवून पैदास करवली आणि इंग्लंडच्या भेटीत पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली. बादशहाने तिला मुधोळचे नाव दिले, अशी हकिकत सांगितली जाते. येथवरचे सर्वांना माहीत असते. पण राजाला हे कुत्रे सापडले कोठे? ते बेरडांच्या हातात. बेरड किंवा बेडर ही शिकारीवर जगणारी, कडवी, स्वाभिमानी जमात. याच संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी १८५७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याला विरोध केला. हत्यारे द्यायला ते तयार झाले नाहीत. इंग्रजी फौजेने गाव जाळले आणि अनेकांना फासावर चढवले. त्यांच्यावरची कन्नड लावणी फ्लीट या इंग्रज विद्वानाने छापून ठेवली म्हणून ती वाचली. हत्यार आणि कुत्रा, दोन्ही या माणसांच्या पोटापाण्याची साधने होती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कुत्रा राखला, त्याची कीर्ती मात्र राजाच्या आणि बादशहाच्या नावे जमा झाली. मालोजीरावांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. एवढेच की, जातिवंत कुत्रा राजवाड्यात घडला नाही, तो झोपडीच्या दारात घडला.

तो कसा घडला हे समजून घेण्याजोगे आहे. शिकारी माणसाच्या घरी चार-सहा पिल्लांना पोसण्याइतकी भाकरी नसे. म्हणून कोणती मादी कोणत्या नराला द्यायची याचा विचार तो फार काळजीने करी. धावताना दम टिकतो का, जखम झाल्यावर मागे फिरतो की पुन्हा भिडतो, घरातल्या पोराने शेपूट ओढली तर चावतो का, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. रंगरूप शेवटी येई. परीक्षा रानात होत होती आणि निकाल त्या घराच्या चुलीवर दिसत होता. त्यात निष्ठुरपणाही होता. दुबळ्या पिल्लाला कोणी जगवत बसत नसे. तो काळ जसाच्या तसा परत यावा असे कोणी म्हणणार नाही. पण चुकीच्या जोडीची किंमत जोडी लावणाऱ्यालाच मोजावी लागे, ही त्यातली गोष्ट विसरू नये.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर या कुत्र्याची परीक्षाही संपली. आता गिऱ्हाईक होते शहरातले, आणि त्याला हवे होते रूप, कागद आणि ऐट. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे २००९-१० मध्ये बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र सुरू झाले. २००५ साली टपाल खात्याच्या तिकिटावर मुधोळ हाउंड आला होताच, २०१६ साली पिल्ले मीरतला लष्कराकडे प्रशिक्षणासाठी गेली आणि २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी जातींचा गौरव केला. हे सारे अभिमानाचे. पण कौतुकाबरोबर मागणी येते, मागणीबरोबर घाई येते, आणि घाईत पहिला बळी जातो तो मादीचा.

कुत्री सुमारे त्रेसष्ट दिवस गाभण असते. पिल्लांचे डोळे उघडायला दोन आठवडे लागतात. आईजवळ आणि भावंडांत राहून चावा कोठे थांबवायचा हे पिल्लू शिकते ते पुढच्या दीड-दोन महिन्यांत. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. प्रत्येक खेपेला तिला नर दाखवला तर पैसा मिळतो आणि ती चार-पाच वर्षांत झिजून जाते. दुसरी घाई रक्ताची. थोड्याच कुत्र्यांत पुनःपुन्हा जोड्या लावल्या की वंशात दडलेला दोष वर येतो. आपल्याकडे लग्न जुळवताना गोत्र पाहण्याचा रिवाज आहे, तो येथेही लागू पडावा.

हा प्रश्न केवळ आपला नाही. गोमंतकावर साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगालचा कोळ्यांबरोबर होडीवर राबणारा पाणकुत्रा १९३०च्या दशकात नामशेष होत आला होता. वास्को बेन्साउद नावाच्या जहाजमालकाने एका कोळ्याकडून लियांव नावाचा कुत्रा मिळवला आणि त्याच्यापासून जात पुन्हा उभी केली. मुधोळप्रमाणे तिथेही कुत्रा घडवला गरिबाने आणि वाचवला श्रीमंताने. मात्र थोड्या कुत्र्यांतून उभ्या राहिलेल्या जातीला वंशदोषांची तपासणी कायम करावी लागते. इंग्लंडात १८७३ पासून चाललेल्या केनेल क्लबने बाप-लेक, मायलेक व सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंद बंद केली ती २००९ साली, तीही दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमाने खळबळ उडवल्यावर.

आपल्या देशात २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिची वेते घेऊ नयेत, लागोपाठच्या हंगामांत घेऊ नयेत आणि जन्मभरात पाचपेक्षा जास्त घेऊ नयेत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये. नियम चांगले आहेत. परंतु दारामागे बांधलेल्या कुत्रीची वेते मोजायला कोणता अधिकारी येणार? तेथे माणसाची स्वतःची लाजच कामाला येते.

आमच्या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उघडला. नवी घरे, नवी माणसे, नवी हौस आली. बर्फाळ मुलखातला केसाळ कुत्रा पेडण्याच्या वैशाखात धापा टाकत बसलेला मी पाहतो, तेव्हा मला त्याच्या मालकापेक्षा त्याला विकणाऱ्याचे नवल वाटते. दाराशी असलेले आपले गावठी सुणे या हवेत टिकून आहे, कारण त्याला या मातीनेच निवडले. घरात कुत्रा हवा असेल तर आधी त्याच्याकडे बघावे. जातिवंतच हवा असेल, तर माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना मी काही प्रश्न सुचवतो. पिल्लाची आई दाखवता का? तिचे हे कितवे वेत? बाप आणि आई नात्यातले आहेत का? आणि उद्या आम्हाला सांभाळणे जमले नाही, तर पिल्लू परत घ्याल का?

शेवटच्या प्रश्नावर जो गप्प बसतो तो पिल्लांचा व्यापारी. जो म्हणतो, 'कधीही आणा, ते माझ्याच दारातले आहे,' तो हलगलीच्या त्या अनामिकांचा वारस. पिल्लू विकले म्हणून त्याच्यावरची जबाबदारी विकली जात नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आतकूरच्या दगडावर, बादशहाच्या दरबारात आणि टपालाच्या तिकिटावर ज्याचे नाव आले नाही, तो हाच माणूस.